परलोकविद्या आणि कर्माचा हिशेब

घरातील कर्ता माणूस अकस्मात निघून गेला की मागे राहिलेल्यांच्या मनात एकच प्रश्न घोळत राहतो : तो आता कोठे असेल, आणि त्याच्याशी दोन शब्द बोलता येतील का? याच आर्त प्रश्नातून एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत एक स्वतंत्र धर्मपंथ उदयास आला. त्याचे नाव स्पिरिच्युॲलिझम. मराठीत त्याला ‘परलोकविद्या’ म्हटले गेले.

31 मार्च 1848 रोजी न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल या खेड्यात फॉक्स भगिनींच्या घरी गूढ टकटक ऐकू आली. प्रश्न विचारला असता तिच्या रूपाने मृतात्मा उत्तर देतो, अशी वार्ता सर्वत्र पसरली. मृतांचा निरोप आणणाऱ्या ‘माध्यमां’भोवती बैठका भरू लागल्या. पहिल्या महायुद्धात पुत्र गमावलेले भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज आणि लेखक आर्थर कॉनन डॉइल यांच्यासारखे विद्वानही तिकडे वळले.

ईश्वराचे पितृत्व, मानवांचे बंधुत्व, आत्म्यांशी संपर्क, आत्म्याचे अखंड अस्तित्व, प्रत्येकाचे वैयक्तिक उत्तरदायित्व, बऱ्यावाईट कृत्यांचे परलोकी फळ आणि सर्वांना खुली असलेली अनंत प्रगती, ही ब्रिटनमधील या पंथाची सात तत्त्वे होत. 1893 मध्ये शिकागो येथे त्याची अमेरिकन राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी, त्याच शहरात, सर्वधर्म परिषदेत वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन दर्शन मांडले, हा योगायोग लक्षणीय आहे.

परंतु 1888 मध्ये मार्गारेट फॉक्स यांनी जाहीर सभेत कबुली दिली, की तो आवाज पायांच्या बोटांच्या सांध्यांतून काढला जात असे. पुढे त्यांनी हे विधान मागे घेतले, तरी संशयाची छाया कायम राहिली.

महाराष्ट्रात व्ही. डी. ऋषी यांनी मुंबईत इंडियन स्पिरिच्युॲलिस्ट सोसायटीच्या द्वारे या विद्येचा प्रसार केला. पत्नी सुभद्राबाईंचा वियोग त्यामागे होता. माण तालुक्यातील गोंदवल्याचे श्रीब्रह्मचैतन्य महाराज 1913 मध्ये समाधिस्थ झाले. त्यानंतरही तात्यासाहेब केतकर यांच्या वाणीतून ते बोलत, अशी भक्तांची श्रद्धा आहे. भक्त तिला गुरुकृपा मानतात, परलोकविद्या नव्हे. तथापि प्रिय व्यक्तीचा शब्द पुन्हा ऐकू यावा ही ओढ दोन्हीकडे सारखीच आहे.

जैन दर्शनाचा या पंथाशी एका बाबतीत मेळ बसतो : कृत्याचे फळ ज्याचे त्यालाच भोगावे लागते. मात्र देह सुटताच जीव काही समयांतच कर्मानुसार नव्या गतीत जन्म घेतो, असे जैन शास्त्र सांगते. भूत व पिशाच हे व्यंतर देवांचे प्रकार आहेत. ते आपल्या घरातील दिवंगत वडीलधारे घरी घुटमळत असल्याचे लक्षण नव्हे. त्यामुळे निरोपासाठी माध्यमाकडे जाण्याचे प्रयोजन उरत नाही.

शोकाकुल कुटुंब फसवणुकीला लवकर बळी पडते. दिवंगताची खरी सेवा करावयाची असेल, तर त्याची देणी चुकती करावीत, त्याने दिलेला शब्द पाळावा, यथाशक्ती दान द्यावे आणि स्वाध्यायात मन रमवावे. त्याचा हिशेब त्याच्या कर्माबरोबर पुढे गेला; मागे राहिलेल्यांच्या हाती आहे तो आपला.