मोबाईलवरील समाज-माध्यमें : उपयोग आणि सावधगिरी

शेतीच्या धंद्यांत वेळेवर मिळालेल्या बातमीची किंमत फार मोठी आहे. पाऊस केव्हां येणार, बाजारांत मालाची आवक किती झाली, शेजारच्या तालुक्यांत पिकावर कोणती कीड दिसली, या गोष्टी दोन दिवस आधीं कळल्या तर हंगाम सांभाळतां येतो. दोन दिवस मागाहून कळल्या तर त्यांचा कांहींच उपयोग होत नाहीं. पूर्वी अशी बातमी आठवड्याच्या बाजारांत, चावडीवर किंवा पाहुण्याच्या तोंडून मिळत असे. सांप्रत ती खिशांतील मोबाईलवर क्षणांत येते. परंतु त्याच वाटेनें खोटी बातमी आणि लबाड माणूसही घरांत शिरतो, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. या साधनांचा उपयोग काय, त्यांत धोका कोठें आहे आणि तो टाळावा कसा, याचा विचार करण्याचें आम्हीं या लेखांत योजिलें आहे.

हीं साधनें कशीं आहेत ?

फेसबुक इसवी सन २००४ मध्यें, यूट्यूब २००५ मध्यें आणि व्हॉट्सॲप २००९ मध्यें अमेरिकेंत सुरू झालें. २०१४ मध्यें फेसबुकनें व्हॉट्सॲप विकत घेतलें आणि २०२१ मध्यें त्या कंपनीनें मेटा हें नांव धारण केलें. या साधनांत एक भेद आहे, तो शेतकऱ्यानें नीट समजून घेतला पाहिजे. फेसबुकवर किंवा यूट्यूबवर घातलेला मजकूर भर बाजारांत पिटलेल्या दवंडीसारखा असतो. घालणाऱ्यानें मर्यादा ठेविली नसेल, तर तो ओळखीच्या व अनोळखी अशा सर्वांस दिसतो. व्हॉट्सॲपवरील निरोप बंद लखोट्यासारखा असतो. तो ज्याच्या नंबरावर धाडला त्यासच पोंचतो. ग्रुपवर धाडला तर सर्व सभासदांस पोंचतो, आणि एका ग्रुपांत १,०२४ पर्यंत सभासद राहूं शकतात. वाटेंत कोणासही वाचतां येऊं नयेत अशा सांकेतिक रीतीनें हे निरोप २०१६ पासून पाठविले जातात.

परंतु हें कुलूप लखोट्याला आहे. आंतील मजकूर खरा कीं खोटा हें तें सांगत नाहीं, आणि लखोटा उघडणाऱ्यानें तोच मजकूर पुढें दहा ठिकाणीं धाडला तर त्यास अडवीतही नाहीं. ही गोष्ट मनांत पक्की ठेवावी.

शेतकऱ्यास होणारा उपयोग

अमेरिकन लष्करी अळीचें उदाहरण घेऊं. ही कीड भारतांत प्रथम २०१८ मध्यें कर्नाटकांत मक्यावर आढळली आणि त्याच वर्षीं ती महाराष्ट्रांतही येऊन पोंचली. अळीच्या डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ अक्षर उलटें काढल्यासारखी फिकट खूण आणि शेपटाजवळच्या भागावर चौकोनांत चार काळे ठिपके, ह्या तिच्या ओळखीच्या खुणा होत. पोंग्यांतील अळीचें स्पष्ट छायाचित्र धाडलें तर दूर बसलेला जाणता माणूसही तिला ओळखूं शकतो, आणि अळी लहान आहे तोंवर उपाय सुरू करतां येतो. नव्या किडीच्या बाबतींत असे चार दिवस वांचणें म्हणजे पीक वांचणें होय.

मात्र छायाचित्र कसें घ्यावें याचाही विचार हवा. खाल्लेल्या पानाचें दुरून घेतलेलें एकच चित्र पाठविल्यानें निदान होत नाहीं. अळीचें डोकें व शेपूट जवळून, पान दोन्ही बाजूंनीं, आणि सबंध झाड अशीं तीन-चार चित्रें उजेडांत घ्यावींत. सोबत वाण, पेरणीची तारीख आणि मागील फवारणी कोणती केली तें लिहावें.

औषधाचें प्रमाण मात्र ग्रुपवरून कधींही उचलूं नये. एकरीं सांगितलेली मात्रा कोणी पंपाची समजून पुढें लिहितो, कोणी एका पिकाचें औषध दुसऱ्या पिकास सुचवितो, आणि नुकसान मात्र वापरणाऱ्याचें होतें. औषधाच्या डब्यावरील सूचना वाचाव्यात आणि जवळच्या कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. २००४ मध्यें सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या नंबरावर मराठींतून विनामूल्य विचारणा करतां येते. पावसाच्या भाकितासंबंधींही हाच नियम पाळावा. भारतीय हवामान विभागाच्या नांवानें फिरणारा मजकूर त्या विभागाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पडताळल्यावांचून पेरणीची घाई करूं नये.

अफवेचे परिणाम

अफवा पूर्वीही होत्या. पण त्या माणसाच्या पायानें चालत. आतां एक खोटा मजकूर तासाभरांत जिल्हा ओलांडतो. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानें पांच निरपराध माणसांस ठार मारलें. तीं माणसें भिक्षेवर पोट भरणाऱ्या भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचीं होतीं. तशा प्रकारचे निरोप पुढें धाडणाऱ्या कोणाच्या मनांत हत्या करावी असें नसेलही. पण अफवेचा शेवट कोठें होईल हें ती धाडणाऱ्याच्या हातीं राहत नाहीं.

दुसरें उदाहरण आपल्या धंद्यांतील आहे. २०२० च्या आरंभीं कोंबडीच्या मांसापासून करोनाचा रोग होतो अशी निराधार अफवा याच साधनांवरून पसरली. सरकारनें खुलासा केला, तरी गिऱ्हाइकांनीं मांस घेणें सोडलें आणि भाव कोसळले. कुक्कुटपालन करणाऱ्यांस खाद्याचा खर्च निघेना, आणि कोंबडीच्या खाद्यासाठीं ज्यांचा मका जातो त्यांसही त्याची झळ लागली. तो मजकूर पुढें धाडणाऱ्यांत शेतकरीही असतील, हें ध्यानांत घेतलें म्हणजे आपल्याच हातानें आपल्या धंद्याचें नुकसान कसें होतें तें कळतें.

अशा घटनांनंतर व्हॉट्सॲपनें २०१८ मध्यें भारतांत एक निरोप एका वेळीं पांच ठिकाणींच पुढें धाडतां येईल अशी मर्यादा घातली, आणि फार फिरलेल्या निरोपांसाठीं २०२० मध्यें ती एका ठिकाणावर आणली. अशा निरोपावर दोन बाणांची खूण असते. तो निदान पांच हातांतून फिरून आला, असा तिचा अर्थ. ही खूण दिसतांच मजकूर शिळा किंवा खोटा असण्याचा संशय धरावा आणि मूळ सांपडेपर्यंत तो पुढें धाडूं नये.

फसवणुकीचे प्रकार

अफवेनें समाजाचें नुकसान होतें. फसवणुकीनें घरचें वाटोळें होतें. जे प्रकार शेतकऱ्यास विशेष बाधतात, तेवढे येथें सांगतों.

पहिला प्रकार सरकारी योजनेच्या नांवाचा. २०१९ मध्यें सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेंत पात्र शेतकऱ्यास वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. ‘आपला हप्ता अडकला आहे, हें ॲप घ्या’ अशा मजकुरासह एक फाईल व्हॉट्सॲपवर येते. तिच्या नांवाच्या शेवटीं ‘एपीके’ हीं अक्षरें असतात. ती उघडून मोबाईलवर बसविली आणि ती मागेल त्या परवानग्या दिल्या, म्हणजे बँकेकडून येणारे संदेश चोर परस्पर वाचूं लागतो. त्यांतच पैसे काढण्याचा गुप्त अंक, म्हणजे ओटीपी, असतो. पुष्कळदां तीच फाईल फसलेल्या माणसाच्या नांवानें त्याच्या सर्व ग्रुपांवर जाते. म्हणून ‘आपल्या सरपंचांनीं पाठविली’ किंवा ‘मेहुण्यानें पाठविली’ हें फाईल खरी असल्याचें प्रमाण नव्हे.

दुसरा प्रकार सौर कृषि पंपाचा. महाराष्ट्रांतील मागेल त्याला सौर कृषि पंप योजनेंत शेतकऱ्यास किंमतीचा १० टक्के, व अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यास ५ टक्के हिस्सा खरोखरच भरावा लागतो. याचाच लाभ घेऊन लबाड लोक नोंदणी किंवा हिस्सा म्हणून रक्कम आपल्या खात्यावर भरून घेतात. पीएम-कुसुम योजनेच्या नांवानें चालणाऱ्या खोट्या संकेतस्थळांबद्दल केंद्र सरकारच्या खात्यानें वारंवार इशारे दिले आहेत. हिस्सा भरण्यापूर्वीं महावितरणच्या कार्यालयांत स्वतः जाऊन अर्जाची नोंद पाहावी. एका दिवसाची खेप गेली तरी चालेल.

तिसरा प्रकार खोट्या गिऱ्हाइकाचा. गाय, बैलजोडी किंवा जुना ट्रॅक्टर विकणें आहे अशी जाहिरात फेसबुकवर दिली कीं कोणी अनोळखी माणूस भाव न करतां सौदा ठरवितो आणि ‘विसार घेण्यासाठीं हें चित्र स्कॅन करा व पिन टाका’ असें सांगतो. यूपीआय पद्धतींत पिन टाकावा लागतो तो पैसे देतांना. घेतांना कधींही नाहीं. एवढें एक वाक्य घरांतील सर्वांस पाठ असलें तरी पुष्कळ रक्कम वांचेल.

चौथा प्रकार धाकाचा. पोलिसाच्या पोषाखांतील माणूस व्हिडिओवर दिसतो, तुमच्या नांवावर गुन्हा आहे, तुम्हांस ‘डिजिटल अटक’ केली आहे, असें म्हणून पैसे मागतो. अशी अटक भारताच्या कायद्यांत नाहींच. फोन बंद करावा आणि घरच्या माणसांस लगेच सांगावें; एकटेपणा हेंच या चोराचें हत्यार आहे.

खबरदारी कशी घ्यावी ?

बियाण्याच्या पिशवीवर खूणचिठ्ठी नसेल तर शहाणा शेतकरी ती घेत नाहीं. विकणारा ओळखीचा असला तरी चिठ्ठी पाहतोच. तीच रीत येथें ठेवावी. निरोप कोणीं हातीं दिला यावर न जातां त्याचें मूळ कोठें आहे तें पाहावें. पैसे, गुप्त अंक किंवा नवें ॲप यांपैकीं कांहींही मागणारा निरोप आला, तर त्याच माध्यमावर उत्तर न देतां, त्या माणसास आपल्याजवळ पूर्वीपासून असलेल्या नंबरावर फोन करून प्रत्यक्ष विचारावें. संकटांत सांपडलों आहें, तातडीनें पैसे धाडा, असें मित्राच्या नांवानें व छायाचित्रानें कोणी लिहिलें तरी हाच उपाय.

याशिवाय मोबाईलवर पुढील व्यवस्था एकदां बसून करून घ्यावी. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्यें दुहेरी पडताळणी चालू करून सहा अंकी पिन ठेवावा. आपणांस ग्रुपांत कोण घेऊं शकेल, तेथें फक्त ओळखीचे लोक हा पर्याय निवडावा. आपलें खातें दुसऱ्या कोणत्या यंत्रावर उघडें आहे काय, हें ‘लिंक्ड डिव्हायसेस’ या सदरांत महिन्यांतून एकदां पाहावें. ‘माझा कोड चुकून तुमच्याकडे आला, तो पाठवा’ असें कोणी म्हटल्यास तो मुळींच देऊं नये. तो आपल्याच खात्याच्या कुलपाची किल्ली असतो. आधारकार्ड, पासबुक किंवा विमा-अर्ज यांचीं छायाचित्रें ग्रुपवर टाकूं नयेत.

फसगत झाल्यास

लाजेनें गप्प बसणें हें दुसरें नुकसान होय. पैसे गेल्याचें कळतांच १९३० या नंबरावर फोन करावा, आपल्या बँकेस कळवून खातें थांबवावें, आणि सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर किंवा पोलिस ठाण्यांत तक्रार नोंदवावी. रक्कम चोराच्या खात्यावरून पुढें जाण्यापूर्वीं अडविली गेली तर परत मिळण्याचा संभव असतो; म्हणून येथें घटकेलाही किंमत आहे. संशयित ॲप बसविलें असेल तर मोबाईलचें इंटरनेट तत्काळ बंद करावें आणि १९३० ला व बँकेला फोन दुसऱ्याच्या मोबाईलवरून करावा. आलेले निरोप, नंबर व व्यवहाराचा क्रमांक पुसून टाकूं नयेत. तोच पुरावा असतो. संगणकीय साधनानें दुसऱ्याचें सोंग घेऊन फसविणाऱ्यास माहिती-तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-ड प्रमाणें तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो.

शेवटीं एक सूचना. गांवोगांवच्या सोसायट्यांनीं व शेतकरी मंडळांनीं आपल्या ग्रुपावर दोन जबाबदार माणसें नेमावींत. कीड, औषध, योजना व बाजारभाव यांविषयींचा मजकूर त्यांनीं मुळाशीं पडताळल्यावर मगच तो ग्रुपांत राहूं द्यावा, आणि फसवणुकीचा नवा प्रकार कळला तर तो त्याच दिवशीं सर्वांस कळवावा. घरांतील वडीलधाऱ्यांस व स्त्रियांसही या गोष्टी समजावून द्याव्यात, कारण फोन त्यांच्याही हातीं आहे. बांधावरची राखण जशी सर्वांनीं मिळून करावयाची, तशीच ही. आमच्या वाचकांनीं या महिन्यांतच आपल्या गांवीं तिचा आरंभ करावा, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.