चाळीस विधाने आणि एक आई

रक्त काढावे लागत नाही, एक्स-रे लागत नाही, डोक्याचा स्कॅनही बहुतेक वेळा लागत नाही. मुलाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आहे की नाही हे ठरवताना डॉक्टरांपुढे दोनच गोष्टी असतात. एक, समोर खेळणारे मूल. दुसरी, त्याच्या आईबापांची आठवण. मूल तास-दीड तास दिसते. आठवण थेट पाळण्यापर्यंत मागे जाते, आणि निदानात तिचे वजन मोठे असते.

गोव्यातल्या कोरगावातली एक आई मुलाच्या तपासणीच्या दिवसाबद्दल सांगते, तेव्हा हे नीट कळते. डॉक्टरांनी ‘ऑटिझम’ हा शब्द नेमका कधी उच्चारला, ते तिला आठवत नाही. त्यांनी विचारलेले प्रश्न मात्र ती एकामागून एक सांगते.

मुलगा तेव्हा नुकताच चौथ्या वर्षात लागला होता. सकाळच्या बसने पेडणे, तिथून कोलवाळचा पूल ओलांडून म्हापसा, मग पुढे पणजीच्या दिशेने. बस धावत असली की तो खुश असायचा. ती स्टँडवर थांबली की रडून गोंधळ घालायचा, आणि आजूबाजूचे लोक मग आईला सल्ले द्यायचे. घरात काळजीचे वातावरण नव्हतेच. ‘उलयतलो गो, तेचो बापूसय उशिरांच उलयल्लो’ (बोलेल गं, त्याचा बापही उशिराच बोलला होता), असे सासू म्हणायची. कमळेश्वराच्या देवळात गाऱ्हाणे घालून झाले होते. एका डॉक्टरांनी, मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षांचा होऊ दे, असे सांगून परत पाठवले होते. हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो आणि त्यात एकेका मुलाचे वर्ष-दीड वर्ष जाते.

त्याआधी कानांची तपासणी झाली होती. हाक मारल्यावर मूल वळून पाहत नाही, तेव्हा पहिली शंका कानांचीच घ्यावी लागते. मुलाला झोपवून डोक्याला तारा लावतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूकडून येणारा प्रतिसाद यंत्रावर पाहतात. कान उत्तम निघाले. या निकालाने आनंद व्हायला हवा होता. ती मात्र बाहेरच्या बाकावर बसून रडली. कानांचा दोष असता तर यंत्र बसवता आले असते, असा तिचा साधा हिशेब होता.

तपासणीच्या खोलीत डॉक्टरबाई टेबलामागे बसल्याच नाहीत. सतरंजीवर मांडी घालून त्यांनी साबणाचे फुगे सोडले. मुलाने फुगे पाहिले, फोडले, नाचला. मग बाईंनी नळी हातात धरून ठेवली आणि गप्प बसल्या. या वयाचे दुसरे मूल अशा वेळी फुग्यांच्या नळीकडे बघते, बाईंच्या तोंडाकडे बघते, पुन्हा नळीकडे बघते आणि ‘आणखी’ असे काहीतरी सुचवते. या मुलाने बाईंचा हात मनगटाला धरून नळीवर नेऊन ठेवला. चेहऱ्याकडे पाहिले नाही. खेळण्यातली गाडी दिली तर त्याने ती उलटी केली आणि एकच चाक बोटाने फिरवत राहिला. बाहुलीला रिकाम्या कपातून चहा पाजण्यात त्याला रस नव्हता. त्याला नावाने हाक मारली, पुन्हा मारली, आणि मग हलक्या आवाजात मोबाईलवर कार्टूनचे गाणे लावले. गाण्याला मान लगेच वळली.

पाहणाऱ्याला हा खेळच वाटतो. पण प्रत्येक वस्तू तिथे काहीतरी तपासायला ठेवलेली असते.

मग आईची पाळी. हवी ती वस्तू तो बोट करून दाखवतो का? ‘बोट नाही, माझा हात धरून नेतो,’ ती म्हणाली. बिस्किटांच्या डब्यापर्यंत, फ्रिजपर्यंत, दाराच्या कडीपर्यंत. ‘मला वाटायचे, माझ्याशिवाय त्याचे पान हलत नाही.’ आकाशात विमान दिसले तर तुम्हाला दाखवतो का? नाही. कुणाला लागले, रडू आले तर जवळ येतो? आठवत नाही. आवाजाचा त्रास होतो? मिक्सर लावला की कान दाबतो. चतुर्थीला आरतीत घुमट-शामेळ सुरू झाले की परसात पळतो. खाणे? पेज, तीही ठरलेल्याच वाडग्यात. एखादा शब्द येऊन गेला का? इथे ती थांबली. वर्षाचा असताना तो ‘बाबा’ म्हणायचा. केव्हा थांबला, ते घरात कुणालाच सांगता आले नाही. इंग्रजी अंक मात्र तो घडाघड म्हणतो, ते मोबाईलवरून उचललेले.

प्रश्न नवे होते, पण उत्तरे जुनीच होती, तिच्याजवळ आधीपासून असलेली. कौतुकाने सांगितलेल्या गोष्टी, लाडाच्या सवयी, हट्ट, सगळे त्या दुपारी एका रांगेत आले. निदान असेच बनते. भारतात त्यासाठी इसा नावाची मोजपट्टी आहे. सिकंदराबादच्या एका राष्ट्रीय संस्थेने ती तयार केली. तिच्यात सहा विभागांत चाळीस विधाने असतात आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज 70 किंवा त्याहून जास्त झाली की स्वमग्नता धरतात. 106 पर्यंत सौम्य, 153 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. हा आकडा पुढे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी लागतो. 1995 च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि 2016 च्या कायद्यातील 21 प्रकारांत तिला स्वतंत्र जागा मिळाली.

आईबापांच्या आठवणीचे हे महत्त्व आजचे नाही. 1938 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या गावातून बीमन ट्रिपलेट नावाच्या वकिलाने आपल्या डोनाल्ड या मुलाबद्दल बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांना 33 पानांचे टाइप केलेले पत्र पाठवले. पाच वर्षांनी, 1943 मध्ये, कॅनर यांनी अकरा मुलांवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातला पहिला मुलगा हाच डोनाल्ड. म्हणजे या शास्त्राची पायाभरणीच एका बापाच्या बारीकसारीक टिपणांवर झालेली आहे. डोनाल्ड पुढे बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, जगभर हिंडला आणि 2023 मध्ये 89 व्या वर्षी वारला.

त्याच कॅनर यांनी अशा मुलांच्या आईबापांना थंड स्वभावाचे ठरवले आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे जगभरच्या आयांनी तो डाग सोसला. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशाच एका मुलाचा बाप होता, पुस्तक लिहून ही कल्पना मोडीत काढली. विज्ञानाने सोडले, पण शेजारणींनी सोडलेले नाही. कोरगावच्या या आईला मोबाईल, नोकरी, गरोदरपणातले ग्रहण अशी तिन्ही कारणे ऐकावी लागली. स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीतली जन्मजात वेगळी घडण आहे, तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि संगोपनातल्या चुकीने ती होत नाही, एवढे एक वाक्य प्रत्येक निदानाच्या कागदावर ठळक छापायला हवे, असे माझे मत आहे.

अशी मुले किती? 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत देशातल्या पाच ठिकाणची दोन ते नऊ वर्षांची 3,964 मुले तपासली होती. त्या पाचांत उत्तर गोवा होता. स्वमग्नतेचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास निघाले. म्हणजे कोरगावासारख्या गावातही अशी मुले असणारच. ती असतातही, फक्त त्यांची नोंद ‘मुको’ किंवा ‘पिसो’ अशी झालेली असते.

निदानानंतर काय, या प्रश्नाचे एक चांगले उत्तर गोव्यातच तयार झाले, आणि ते फारसे कुणाला ठाऊक नाही. 1996 पासून गोव्यात काम करणाऱ्या ‘संगाथ’ या संस्थेने आणि रावळपिंडीतल्या गटाने मिळून, ब्रिटनमधली एक पद्धत आपल्याकडच्या परिस्थितीला जुळवून घेतली. तिकडे हे काम वाचा-उपचारतज्ज्ञ करतात. इकडे ते प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी केले. कार्यकर्ती पालक आणि मुलाचा खेळ काही मिनिटे चित्रित करते, मग ती आणि पालक मिळून तो पाहतात. मूल जिथे नजर टाकते, आवाज काढते, वस्तू पुढे करते, तिथे चित्र थांबवायचे. बघा, इथे त्याने तुम्हाला काहीतरी सांगितले. तुम्ही काय केलेत? बहुतेक वेळा पालक त्या क्षणी पुढचा प्रश्न विचारत असतो, ‘हा रंग कुठला?’ वगैरे. तो थांबतो, वाट पाहायला शिकतो, आणि मूल आपण होऊन जास्त वेळा पुढाकार घेऊ लागते. 65 मुलांवरच्या चाचणीचे हे निष्कर्ष 2016 मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आले. यात औषध नाही आणि जादूही नाही. घरची भाषा सोडून इंग्रजी बोला, असा जो सल्ला काही ठिकाणी दिला जातो, त्याची तर अजिबात गरज नाही. कोकणी बोलणाऱ्या घरात मुलाशी कोकणीच बोलावी.

कोरगावचा तो मुलगा आता शाळेत जातो. बोलतो थोडे, तुटक. बसगाड्यांचे क्रमांक त्याला सगळे पाठ आहेत. घुमट वाजले की अजूनही परसात जातो, फक्त आता जाण्यापूर्वी आईला सांगतो.

ज्यांच्या घरात दीड वर्षाचे मूल बोट करून काही दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल किंवा आलेले शब्द गमावत असेल, त्यांनी आजपासून दोन कामे करावीत. जेवताना, खेळताना, हाक मारताना मुलाचे छोटे व्हिडिओ काढून ठेवावेत आणि पहिले पाऊल, पहिला शब्द, थांबलेला शब्द यांच्या तारखा लसीच्या कार्डावरच लिहाव्यात. डॉक्टरांना याहून उपयोगी कागद दुसरा नाही. मग आरोग्य केंद्रात जाऊन म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयासाठी किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयासाठी (गोमेकॉ) चिठ्ठी मागावी. पहिल्या तपासणीला कुठलेही प्रमाणपत्र लागत नाही, आणि तीन वर्षे पुरी होण्याची अटही नाही.