क्ष-किरण प्रतिमेची सुस्पष्टता : यंत्र आणि शिस्त

“डिजिटल यंत्रणा आल्यावरही काही रुग्णांचा एक्स-रे दुसऱ्यांदा का काढावा लागतो?” असा प्रश्न नातेवाईक आम्हांस विचारतात. देणगीदारांच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या विभागाबाबत हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

विल्हेल्म राँटजेन यांनी १८९५ साली शोधलेले हे किरण शरीरातून जाताना काही प्रमाणात विखुरतात व प्रतिमा धूसर करतात. गुस्टाव्ह बकी यांनी १९१३ मध्ये शिशाच्या पट्ट्यांची जाळी योजून विखुरलेले किरण अडविले. पोट, कंबर अशा जाड भागांसाठी जाळी आजही आवश्यक असते. मात्र ती काही उपयुक्त किरणही अडवीत असल्याने मात्रा वाढवावी लागते; म्हणून लहान बालकांसाठी ती सहसा टाळली जाते. किरणांचा झोत हव्या तेवढ्याच भागापुरता ठेवल्यास प्रतिमा सुधारते व मात्राही घटते.

छातीचा एक्स-रे काढताना रुग्णाने पूर्ण श्वास घेऊन रोखणे महत्त्वाचे असते. श्वास अपुरा असल्यास फुफ्फुसाचा तळ दाटलेला व हृदय मोठे भासते. नसलेल्या आजाराची शंका येते, किंवा असलेला डाग लपून राहतो.

पूर्वी मात्रा जास्त झाल्यास फिल्म काळी पडे व चूक लगेच उघड होई. आता संगणक प्रतिमेचा उजेड सावरून घेतो. जादा मात्रेची प्रतिमा उलट अधिक नितळ दिसते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर हा खतावणीत न चढलेला खर्च होय, आणि तो रुग्णाच्या शरीरावर पडतो. म्हणून आम्ही यंत्र दर्शवीत असलेला मात्रा-निर्देशांक तपासतो आणि पुन्हा काढलेल्या प्रत्येक प्रतिमेचे कारण नोंदवहीत लिहून ठेवतो. हालचाल, अपुरा श्वास, चुकीची स्थिती, अंगावर राहिलेला दागिना अथवा ताईत, अशी ही कारणे असतात. केवळ नवे यंत्र घेऊन ती दूर होणार नाहीत.

नातेवाइकांना विनंती की, रुग्णास तंत्रज्ञांच्या सूचना त्याच्या बोलीत समजावून सांगाव्यात, पूर्वीचे एक्स-रे सोबत आणावेत व गर्भधारणेची शक्यता असल्यास आधी कळवावे. देणगीदारांनीही यंत्रखरेदीइतकेच त्याच्या देखभालीस व तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणास साहाय्य करावे. या खर्चावर नावाची पाटी लागत नाही. परंतु रुग्णास दुसऱ्यांदा किरणांसमोर उभे करण्याची वेळ त्यामुळेच टळते.