उताराचे काम झडपेकडे

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण-कळवण भागात आणि शेजारच्या धुळे जिल्ह्यात मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर फड पद्धतीचे बंधारे आहेत. नदीत बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या आणि चारीवर पाणी देणारा पाटकरी, अशी ही जुनी व्यवस्था. तिचा विचार करताना मला एका गोष्टीचे नेहमी नवल वाटते. पाणी अडवायला आणि वळवायला तिथे माणूस लागतो. पण पाणी मागे फिरू नये म्हणून कुणालाच काही करावे लागत नाही. ते काम उतार करतो. फडात पोचलेले पाणी बंधाऱ्यात परत जात नाही.

आज याच जिल्ह्यात द्राक्षबागेला ठिबक आणि कांद्याला तुषार सिंचन आले आहे. इथे विहीर खाली आणि मळा वर. मोटर चालू असते तोवर पाणी उताराविरुद्ध चढते. कॅलिफोर्नियातील ऑर्टन एंगलहार्ट यांनी १९३३ साली आघाताने फिरणारा फवारा तयार केला. पाण्याची धार हाताच्या पट्टीवर आपटते, स्प्रिंग पट्टीला परत ओढते आणि प्रत्येक ठोक्याला तोटी थोडी सरकते. त्या 'टक-टक' फवाऱ्याला दर चौरस सेंटीमीटरला साधारण अडीच किलो दाब लागतो, म्हणजे २५ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. वीज गेली की हा दाब क्षणात संपतो. मग उतार आपले काम सुरू करतो, पण आता उलट्या दिशेने : नळीतले पाणी आल्या वाटेने विहिरीकडे निघते. फडात जे उताराने फुकट केले, ते इथे एका झडपेला करावे लागते. तिला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतात.

ही झडप आतून अगदी साधी असते. एक धातूचे किंवा प्लास्टिकचे अंग, त्यात बिजागरीच्या पिनवर झुलणारे पाळे आणि पाळे टेकते त्या बैठकीला रबर. पाण्याने पुढून रेटले की पाळे उचलते. रेटा थांबला की स्वतःच्या वजनाने आणि मागे येणाऱ्या पाण्याने मिटते. अंगावर एक बाण कोरलेला असतो. तो पंपाकडून मळ्याकडे हवा. आडव्या पाइपवर बसवायची तर झाकण वर असावे. उभ्या पाइपवर बसवायची तर पाणी खालून वर जाणाऱ्या पाइपवरच. वरून खाली येणाऱ्या पाइपवर पाळे आपल्या वजनाने उघडेच लोंबते. पंपाच्या तोंडाला चिकटवूनही बसवू नये, कारण तिथे पाणी घुसळत असते आणि पाळे थरथरून पिन झिजते. पाइपच्या व्यासाच्या पाचपट तरी सरळ अंतर ठेवावे. फ्लँजमधल्या पॅकिंगचे भोक पाइपपेक्षा लहान नको. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत. एकच बाजू आधी आवळली की दुसरीकडून गळती ठरलेली. आट्यांवर टेफ्लॉन टेप आवळण्याच्या दिशेने गुंडाळावी, नाहीतर जोड फिरवताना ती उलगडते.

तिची जोडीदार म्हणजे एअर व्हॉल्व्ह. ती मुख्य पाइपच्या सर्वांत उंच जागी, अगदी उभी बसवतात. पाणी आले की आतला गोळा तरंगून भोक बंद करतो. पाणी उतरले की गोळा खाली पडतो आणि हवा आत येते. ती नसेल तर रिकाम्या होणाऱ्या नळ्या पोकळीच्या ओढीने ठिबकच्या तोट्यांतून भोवतालचे गढूळ पाणी आत खेचतात. पुढे तोट्या बुजतात आणि दोष मात्र फिल्टरला दिला जातो.

मोनोब्लॉकच्या फुटव्हॉल्व्हवर भरवसा ठेवून नॉन-रिटर्न वगळलेले किंवा 'पाणी कमी पडते' म्हणून तिचे पाळे काढून टाकलेले संच मी पाहिले आहेत. फुटव्हॉल्व्हमध्ये काडी-कचरा अडकला की तोही गळतो. केवळ पाणी परत गेले तर नुकसान विजेचे. पण द्राक्षबागेत व्हेंचुरीने खत त्याच पाइपमध्ये सोडलेले असते. नेहमीचे १३:०:४५ घ्या. एक किलोत सुमारे ५७५ ग्रॅम नायट्रेट असते. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर ते सुमारे ५६,५०० लिटर भरते. त्यात पाच किलो खत उतरले, तर आधी काहीच नायट्रेट नसलेल्या पाण्यातही त्याचे प्रमाण लिटरला ५१ मिलिग्रॅम होते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा ४५ आहे. या पाण्याला रंग, वास काहीच नसतो आणि उकळूनही नायट्रेट जात नाही. धोका सर्वांत जास्त तान्ह्या बाळाला : वरच्या दुधात हे पाणी गेले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. मळ्यातल्या वस्तीवर प्यायची आणि बागेची विहीर बहुधा एकच असते.

म्हणून क्रम महत्त्वाचा : पंप, मग नॉन-रिटर्न, मग सँड फिल्टर, मग व्हेंचुरी, मग स्क्रीन फिल्टर. खत सोडण्याची जागा कधीही झडपेच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला नको.

पाटकऱ्याला पाणी डोळ्यांनी दिसत होते. नळीतले पाणी कुणालाच दिसत नाही, आणि वीज तर कधी दिवसा, कधी रात्री येते-जाते. ऑटो स्टार्टर लावलेल्या मळ्यात त्या वेळी माणूसही नसतो. तरी तपासणी सोपी आहे. मोनोब्लॉक बंद करा आणि त्याच्या पंख्याकडे पाहा. तो थांबून उलटा फिरू लागला, तर पाणी विहिरीकडे निघाले आहे. पुढचे खत सोडण्याआधी झडप उघडून तिचे रबर पाहा.