जागलीची रात्र आणि धामकाठचा एकांत

पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तालुक्यांत हिवाळा लागला की सायंकाळी एक दृश्य हमखास दिसते. घरातील कर्ता पुरुष भाकरीचे फडके घेऊन, खांद्यावर घोंगडी टाकून, हातात काठी आणि बॅटरी घेऊन वावराच्या वाटेला लागलेला असतो. कोठे हरभऱ्यात रानडुकरे शिरतात, कोठे वाडीतील आंबिया बहाराची संत्री उतरेपर्यंत राखावी लागतात. रात्रभर जागल करावयाची, शेकोटी विझू द्यावयाची नाही आणि पहाटे दवाने भिजलेल्या धुऱ्यावरून घरी परतावयाचे, असा त्याचा क्रम.

या मनुष्यास कोणी एकांतवासी म्हणत नाही. त्यालाच विचारले, तर झोपेचे खोबरे झाले एवढेच तो सांगेल. इकडे शहरातील मंडळी मात्र पैसे मोजून शेतावर एक रात्र राहावयास जातात आणि चांदणे पाहून आल्याचे महिनाभर सांगत सुटतात! आम्हांस या गोष्टीचे हसू येते. तथापि त्या शहरवासीयांची भूक खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की, ज्याच्या दारी एकांत रोज चालून येतो, त्याच्या हाती त्यातून काय लागते?

सौंसरकडची जाम नदी कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. तिकडे वर्धेजवळील पवनारची धाम नदी वर्धा नदीच्या खोऱ्यातली. वैनगंगा आणि वर्धा एकत्र येऊन प्राणहिता होते, म्हणजे आपले आणि पवनारचे पाणी शेवटी एकच. त्या धामेच्या काठी घडलेली एक हकिकत या प्रश्नाच्या संदर्भात आम्हांस फार मोलाची वाटते.

1938 चा मार्च महिना. विनोबा भावे तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. वर्धा आणि नालवाडी येथील अखंड श्रमांनी त्यांचे शरीर झिजून गेले होते. वजन अवघे 88 पौंडांवर आले होते. महात्मा गांधींना काळजी वाटली. कोठे तरी थंड हवेच्या ठिकाणी जाऊन विश्रांती घ्यावी, असा सल्ला मिळाला. विनोबांनी दूरचा डोंगर निवडला नाही. वर्ध्याहून दोन-अडीच कोसांवर पवनार येथे जमनालाल बजाज यांचा बंगला होता, तेथे ते गेले. धामेचा पूल ओलांडताना त्यांनी साऱ्या चिंता आणि कामे मनाने अलीकडच्या तीरावर सोडून दिली. धामेच्या पलीकडचे म्हणून त्या स्थानास त्यांनी पुढे 'परंधाम' असे नाव दिले.

मग त्यांनी तेथे काय केले? डोळे मिटून ते बसून राहिले असतील, अशी कोणाची कल्पना झाली तर नवल नाही. त्यांनी कुदळ हाती घेतली! पहिल्या दिवशी पाच मिनिटे खणले. दुसऱ्या दिवशी थोडे अधिक, तिसऱ्या दिवशी आणखी थोडे. असे करीत करीत खणण्याचा वेळ दोन तासांपर्यंत गेला. मध्ये काही क्षण थांबावे, आभाळाकडे पाहावे, पुन्हा खणावे. दहा महिन्यांत वजन चाळीस पौंडांनी वाढले. त्या भूमीत खणताना राम-भरताच्या भेटीचे एक प्राचीन शिल्पही सापडले. पुढे 1940 साली गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून त्यांना निवडले, आणि त्या सत्याग्रहाचा आरंभ याच पवनारातून झाला.

1950 साली त्यांनी तेथेच आणखी एक प्रयोग मांडला. पैशावाचून जगता येते काय, हे त्यांना पाहावयाचे होते. बैलांवाचून, केवळ हातांनी शेती करावयाची. तिला त्यांनी 'ऋषिशेती' म्हटले. विहिरीचा रहाट माणसांनीच फिरविला.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. साधेपणा आणि दारिद्र्य यांची गल्लत करू नये. ज्याच्यावर कर्जाचा हप्ता आहे आणि ज्याची कपाशी पावसाने काळवंडली आहे, त्यास गरजा कमी करण्याचा उपदेश करणे हा निष्ठुरपणा होय. विनोबांनी बैल सोडले ते निवडीने. ज्याला बैल विकावे लागले त्याची गोष्ट निराळी. परंतु त्या पहिल्या पाच मिनिटांस ना पैसा लागला ना मोकळी जमीन. एकांतात त्यांनी हातास काम दिले आणि मनास उसंत दिली, इतकेच.

दुर्गा भागवत यांनाही एकांत आजारपणाच्या वाटेने मिळाला. मध्य प्रांतातील आदिवासींचा अभ्यास करीत असता त्यांना विषबाधा झाली आणि काही वर्षे अंथरुणास खिळून काढावी लागली. पुढे 1956 साली त्यांचे 'ऋतुचक्र' प्रसिद्ध झाले. झाडाची पालवी, उन्हाचा रंग, पाखरांची ये-जा बाराही महिने किती बारकाईने पाहता येते, हे त्या पुस्तकाने मराठी वाचकांस दाखविले.

आपल्या प्रभूनेही लोकसमुदायास जेवू घालून निरोप दिल्यावर एकट्याने डोंगर गाठला. परंतु पहाट होण्यापूर्वी तो वाऱ्यात सापडलेल्या शिष्यांच्या नावेकडे परत आला. विनोबाही पवनारात राहून गेले नाहीत. 1951 साली ते बाहेर पडले आणि भूदानासाठी तेरा वर्षांहून अधिक काळ गावोगाव पायी फिरले.

एक गोष्ट मात्र मनास टोचते. आतापर्यंत आम्ही जागलीस जाणाऱ्या पुरुषाविषयी बोललो. त्याच्या घरच्या माउलीचे काय? पहाटे चूल, दिवसा वेचणी किंवा निंदण, सांजेला पुन्हा चूल. तिला एकटे बसावयास घरात कोपरा नाही आणि दिवसात घटका नाही. विनोबांस ही उणीव जाणवली होती. स्त्रियांनाही स्वतंत्रपणे साधना करता यावी म्हणून 25 मार्च 1959 रोजी त्यांनी पवनारच्या त्याच आश्रमात ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. तेथे स्त्रियांनी स्वतः शेती केली, सूत कातले, आणि कोणी एक प्रमुख न नेमता सर्वांच्या संमतीने कारभार चालविला.

आपल्या घरातील स्त्रीने पवनारास जावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु येत्या रविवारी मिस्सा आटोपून आल्यावर धाकट्या मुलास तासभर बापाने कडेवर घ्यावे, थोरलीने चहाची भांडी घासावी, आणि त्या माउलीस कोणी हाक न मारता संत्र्याच्या झाडाखाली बसू द्यावे. ती तेथे काय करील? कदाचित डोळा लागेल तिचा. लागू द्यावा.