वणव्याचा पंचनामा खोडावर

भांडुप पश्चिमेला खिंडीपाड्याच्या बाजूने, महापालिकेच्या जलशुद्धीकरण संकुलामागे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं रान सुरू होतं. फेब्रुवारी लागला की गवत पिवळं पडतं, साग-ऐनाची पानं पायाखाली करकरायला लागतात आणि पावसाळ्यापर्यंत कधी ना कधी टेकडीवर धूर दिसतो. हे वणवे बहुधा माणसाने लावलेले. आपल्याकडे वीज पडते ती वळवाच्या पावसासोबत. त्याआधीच्या आगीमागे विडीचं थोटूक, पेटवलेला कचरा, नाहीतर मुद्दाम ओढलेली काडी असते. डिसेंबर 2018 मध्ये आरे-दिंडोशीकडची टेकडी पेटली, म्हणजे उन्हाळ्याचीही वाट पाहावी लागत नाही. आग विझली की किती हेक्टर जळलं ते कागदावर येतं. झाडं उभी दिसली की थोडक्यात निभावलं, असं म्हणून सगळे मोकळे होतात. हा हिशेब मला अपुरा वाटतो.

एखाद्या गुळगुळीत सालीच्या झाडाला नाक लावून पाहा. पांढुरक्या डागावर बारीक काळ्या रेघोट्या दिसतील, कुणी मोडीत घाईघाईने खरडावं तशा. शेजारी करड्या-हिरवट पापुद्र्यांची गोल नक्षी. ही सगळी दगडफुलं, पुस्तकी भाषेत शैवाक. गोड्या मसाल्यात पडतं ते त्यांच्यातलंच एक पानाळ भावंड. रेघोट्यांच्या कुळावर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत उर्मिला माखिजा आणि पी. जी. पटवर्धन यांनी वर्षानुवर्षं काम केलं. सह्याद्रीतल्या कितीतरी जाती त्यामुळे नोंदल्या गेल्या.

शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. मुळं नाहीत, पानांवर असतो तसा मेणाचा थर नाही. पाणी, क्षार, धूळ, विषारी वायू, जे हवेत असेल ते थेट अंगात. म्हणून 1866 मध्येच नायलँडर यांनी पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या शैवाकांवरून शहराच्या हवेबद्दल बोलायला सुरुवात केली. 1970 मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी इंग्लंडमध्ये खोडावरच्या जातींवरून सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण ताडण्याची मोजपट्टीच तयार केली.

आगीचं गणित मात्र जरा तिरपं आहे. कोरडं शैवाक जवळजवळ झोपलेलं असतं आणि त्या अवस्थेत ते बराच ताप सोसतं. ओलं असेल तर त्याहून कितीतरी कमी उष्णतेत मरतं. आपला वणवा नेमका कोरड्या दिवसांत येतो, एवढीच काय ती मेहेरबानी. पण ज्वाळेपुढे झोपेचा उपयोग नाही. पाचोळ्याची आग खोडाचा खालचा भाग भाजते, साल कोळपून सुटते आणि शैवाकाची जागाच जाते. ऐन जाड सालीमुळे जगतो, पुन्हा पालवतो, लांबून सगळं ठीक दिसतं. सालीवरचे भाडेकरू मात्र गेलेले असतात. बऱ्याच जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. दर दोन-तीन वर्षांनी तीच टेकडी पेटली, तर त्यांना परतायला सवड कुठली?

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडात मिलर आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. सौम्य आगीनंतर झाडांवरच्या शैवाकांना फारसा धक्का बसला नव्हता. जिथे आग भडकून झाडंच मेली, तिथे 16 वर्षांनंतरही शैवाकं सावरली नव्हती. डोक्यावरची सावली गेल्याने जागा तापली आणि सुकली होती. तिथली सूचिपर्णी झाडं वेगळी, आपली पानगळीची वेगळी, हे खरं. पण सावलीचा मुद्दा भांडुपच्या उतारावरही लागू पडतो.

इथे आणखी एक गुंता आहे. खाली लालबहादूर शास्त्री मार्गावरची वाहनं, वर वणवा. शैवाक दिसलं नाही तर दोष कुणाला द्यायचा? माझ्या मते खोडाचा वरखाली फरक पाहावा. जमिनीलगतच्या आगीची खूण बुंध्याशी, बहुधा एका अंगाला जास्त उंच चढलेली असते. हवा बिघडली तर वरचं खोडही सुटत नाही. प्रदूषण सोसणाऱ्या मोजक्याच जाती, उदाहरणार्थ पिक्सिन कोकोस, सगळीकडे माजलेल्या दिसल्या, तर आधी हवेवर संशय घ्यावा.

त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. जळलेल्या आणि न जळलेल्या उतारावरची काही झाडं खूण करून ठेवायची आणि दर हिवाळ्यात त्याच उंचीवर, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढायचे. वन खात्याची परवानगी घेऊन मुलुंड-भांडुपच्या महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे काम वणवा रोखण्यासाठीच्या यंदाच्या जाळरेषा काढल्या जाण्याआधी सुरू करावं. फोटो काढताना साल मात्र खरवडू नका.