शिळे म्हणून पाणी ओतू नका

उन्हाळा तोंडावर आला की बेळगावात राकसकोप जलाशयाच्या आणि निपाणीत जवाहर तलावाच्या पातळीकडे सर्वांचे डोळे लागतात. खेड्यांत विहिरीचा तळ दिसू लागतो. नगरपालिकेने व पंचायतीने काय करावे हे आपण पुष्कळ बोलतो. पण घरात आलेल्या पाण्याचे आपण काय करतो, हे क्वचितच पाहतो. आज त्याचाच विचार करू.

मोठी नासाडी होते ती आपल्या समजुतीमुळे. चार दिवसांनी नळ आला की पिंपातले उरलेले पाणी "शिळे" म्हणून आपण मोरीत ओततो. पाणी भाजीभाकरीसारखे शिळे होत नाही. ते बिघडते ते उघडे राहिल्याने, त्यात हात बुडविल्याने आणि तळाशी गाळ साचल्याने. म्हणून पिण्याचे पाणी गाळून, उकळून झाकून ठेवावे व लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे.

पिंपे व हौद मात्र आठवड्यातून एकदा रिकामे करून घासलेच पाहिजेत. डेंग्यू व चिकुनगुनिया पसरविणारा डास अशा साठ्यात वाढतो आणि त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. त्यासाठी नळ येण्याच्या आदल्या दिवशी उरलेल्या पाण्यात कपडे धुवावेत, गोठा धुवावा, झाडांना घालावे. मग रिकामे पिंप घासून कोरडे करावे. पाणीही वाया जात नाही आणि डासही होत नाहीत.

आता आणखी काही सोप्या गोष्टी पाहू.

(१) गळका नळ : सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला सुमारे २० लिटर पाणी जाते. नळातला वायसर बदलण्यास फार खर्च येत नाही.

(२) सांडपाणी : तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी जनावरांना किंवा परसातल्या झाडांना द्यावे. भांड्यांचे व न्हाणीचे पाणी केळी, नारळ, अळू यांच्याकडे वळवावे. कच्ची खाण्याच्या भाज्यांना ते घालू नये. झाडे नसतील तर सुमारे ३ फूट लांब, रुंद व खोल असा शोषखड्डा खणून दगडगोट्यांनी भरावा. तो विहिरीपासून निदान ५० फूट दूर असावा.

(३) छपराचे पाणी : ५०० चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला तर अकराशे लिटरांहून अधिक पाणी पडते. थोडे वाया गेले तरी २०० लिटरांची चार बॅरले सहज भरतात. पन्हळ लावून पहिल्या एकदोन सरींचे पाणी सोडून द्यावे, कारण त्यात कौलांवरची धूळ व पक्ष्यांची घाण असते. पुढचे पाणी तोंडाला फडके बांधून साठवावे आणि धुण्याला व गुरांना वापरावे.

(४) जुनी विहीर : १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा टिळकवाडीत एक विहीर खोदली होती. पुढे नळ आले आणि अशा विहिरींकडे दुर्लक्ष झाले. १९९५ साली शहरात टंचाई पडली, तेव्हा या काँग्रेस विहिरीसह जुन्या विहिरी पुन्हा वापरात आणण्याचे काम हाती घेतले गेले. आपल्या वाड्यात, मळ्यात बुजत चाललेली विहीर असेल तर तीत केरकचरा टाकू नये. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की भाऊबंदांनी मिळून गाळ काढावा. उतरण्यापूर्वी पेटता कंदील आत सोडून पाहावा. तो विझला तर आत उतरू नये.

डोक्यावरून घागर आणणाऱ्या आपल्या आयाबहिणींना प्रत्येक तांब्याची किंमत ठाऊक असते. घरातील पुरुषांनी व मुलांनीही ती ओळखली, तर उन्हाळ्यातल्या त्यांच्या निम्म्या खेपा वाचतील.